रागातली मेथी, गर्वातले गुलाब

लातुरात मला खोली मिळाली ती माझ्यात निदान एक तरी दोष आहे हे लेखी कबूल केल्यावर.

बाकीचे घरमालक आडनाव विचारायचे, मटण खाता का विचारायचे, लग्न झालंय का आणि नसेल तर का नाही, हेही विचारायचे. मेट्रनबाईंनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी माझ्यापुढे वीतभर पत्र्याची पट्टी धरली, पांढऱ्या रंगाचा डबा पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "लिवा. तुमच्यात काय वंगाळ हाय ते."

मी नांदेडहून एम.एस्सी. करून नुकताच एका खाजगी क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायला लागलो होतो. मूळ गाव जळकोटकडचं. दोन दिवसांपूर्वी क्लासच्या संचालकांनी मुलाखतीत हाच प्रश्न विचारला होता, तेव्हा 'कामात बुडालो की मला जेवणाचं भान राहत नाही' असं सांगून मी त्यांना खूश केलं होतं. तोच डाव इथेही टाकावा म्हणून पट्टीवर लिहिलं : विसरभोळेपणा. बाईंनी पट्टी हात लांब करून वाचली. "ह्यो दोष न्हाई मास्तर. ह्ये तर आई लाडानं शेजारणीला सांगती. पण ऱ्हाऊ द्या, लावा. खरं तण काय, रान आपोआप सांगतं."

मग त्यांनी मला माझ्या खोलीच्या पायरीजवळचा दोन हात लांबीचा वाफा दाखवला. भाड्याबरोबर तो सक्तीचा होता. त्यात काय लावायचं ते माझं मी ठरवायचं, पण आठवड्यातून एकदा त्यातलं तण स्वतःच्या हाताने काढायचं. त्याला गडी लावला तर खोली सोडायची.

त्यांचे स्वतःचे वाफे पाच होते. घरापुढच्या मोकळ्या जागेत एकापुढे एक, आणि प्रत्येकात पत्र्याची पट्टी रोवलेली : राग, मत्सर, जीभ, कुरकुर, गर्व. हे सगळे त्यांचे स्वतःचे दोष. बाहेरच्या जिल्ह्यातल्या एका मिशन दवाखान्यात तीस वर्षं काढून, मेट्रन होऊन त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि दवाखान्यातली शिस्त त्यांनी आत्म्याला लावली होती. कोणत्या खाटेवर कोणता आजार ते जसं पायथ्याशी टांगलेलं असतं, तसं हे. रोज सकाळी सहा ते साडेसात त्या पदर खोचून वाफ्यात बसायच्या. प्रार्थना आणि निंदणी एकदमच चालायची. एकेक तण उपटताना आदल्या दिवशीचा एकेक अपराध मोठ्याने सांगायच्या. "प्रभू, काल दूधवाल्याला म्हणले, तुझी म्हस काय विहिरीत उभी करून पिळतोस का. चुकले." उपट. "पाळकसाहेबाच्या बायकोची नवी साडी बघून पोटात दुखलं. चुकले." उपट. रस्त्यावरून जाणाऱ्यांना सगळं ऐकू जायचं. दूधवाला तर आपली माफी ऐकायला कुंपणाशी सायकल धरून उभाच राहायचा, आणि ती मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी तेवढंच पाणी घालायचा.

ज्या वाफ्यात वर्षभर तण दिसणार नाही, त्याची पट्टी काढायची, असा त्यांचा नियम होता. आजवर एकच पट्टी निघाली होती, आळसाची. ही गोष्ट त्या मला आठवड्यातून तीनदा सांगत.

गंमत अशी, की भाज्यांना हे दोष भलतेच मानवायचे. रागाच्या वाफ्यातली मेथी गल्लीत नावाजलेली होती. पलीकडे रिक्षाच्या सीटा शिवणारे एक चाचा राहायचे. ते कुंपणावरून हाक मारत, "बाजी, वो गुस्सेवाली मेथी दो ना जरा. जलनवाली कडू लगती." आणि गर्वाच्या वाफ्यात जे गुलाब यायचे तसे गुलाब मी नंतर कुठे पाहिले नाहीत. एकेक फूल वाटीएवढं. दर रविवारी ते चर्चमध्ये वेदीवर जात, आणि पाळकसाहेब उपासनेच्या शेवटी सगळ्या मंडळीसमोर त्यांचं कौतुक करत. बाई मान खाली घालून ऐकायच्या. सोमवारी सकाळी मात्र त्या वाफ्यात उपटायला खूप असायचं.

पाळकसाहेब तरुण होते आणि बाईंना जरा दबकून असत. एकदा ते घरी आले, पट्ट्या पाहिल्या, आणि सौम्यपणे म्हणाले, "बाई, गव्हातल्या तणाचा दाखला आठवा. प्रभू म्हणतात, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या."

"प्रभू सुतार होते, साहेब," बाई म्हणाल्या. "काळ्या रानातला कुंदा त्यांनी बघितला न्हाई."

कुंदा म्हणजे आमच्याकडच्या काळ्या जमिनीतलं एक चिवट गवत. वर चार पाती दिसतात आणि मुळं खाली पुरुषभर गेलेली असतात. मी माझ्या वाफ्यातलं तण वरच्यावर खुडायचो, तेव्हा बाई कुदळ आणून माझ्या हातात द्यायच्या. "वरून खुडलं की ते लई खूश होतं, मास्तर. खाली जावा." मी दोन घाव घालायचो, त्यांची पाठ वळली की पुन्हा खुडायला लागायचो. मला साडेपाचची बॅच असायची आणि झोप कधी पुरायची नाही.

त्या दिवसांत लातूरच नुसतं क्लासमय होऊन राहिलं होतं. सकाळी अंधार असताना सायकलींची रांग लागायची. भिंतीभिंतीवर नंबरात आलेल्या पोरांचे फोटो, आणि त्यांच्यामागे आपणच असल्याचं सांगणारे तीन-तीन क्लास. खेड्यापाड्यांतून आया येत. मुलगा किंवा मुलगी बारावीला आली की आईने नवऱ्याला, म्हशीला आणि बाकीच्या पोरांना सासूच्या हवाली करायचं, गॅसची छोटी टाकी आणि पोळपाट घेऊन लातुरात वर्षभर एक खोली करायची, आणि डबे भरत निकालाची वाट बघायची. अशा आया गल्लीगल्लीत होत्या. बाईंचं घर ज्या जागेवर होतं तिथे आता मुलींचं चार मजली वसतिगृह आहे. तेव्हाच त्या जागेला दर महिन्याला कुणीतरी विचारायला यायचं आणि बाई त्यालाही पत्र्याची पट्टी देऊन दोष लिहायला सांगायच्या. दुसऱ्यांदा कुणी आलं नाही.

एकदा मी त्यांना जरा फुशारकीने म्हटलं, "बाई, आमचं काम तुमच्यासारखंच की. आम्हीही दिवसभर चुकाच काढतो. एक चूक झाली की मार्क कापतो."

"तुमी दुसऱ्याच्या काढता," त्या म्हणाल्या. "त्यात काय, सोपं हाय ते."

पण सगळे अपराध मोठ्याने सांगणाऱ्या या बाईंनी एक गोष्ट वाफ्यात बसून कधी सांगितली नाही. ती त्यांनी मला एकदा मी ताटावर बसलो असताना, भाजी वाढता वाढता सांगितली.

"मला एक भईन हाय. धाकटी. बोलत न्हाई."

"कोण बोलत नाही?"

"दोघीबी."

वडील गेले तेव्हाची गोष्ट. शेवटची दोन वर्षं बाईंनी रजा काढकाढून त्यांची सेवा केली होती. धाकटी निलंग्याकडे एका खेड्यात दिलेली, तिला यायला जमायचं नाही. दफन झालं, आणि कबरीपाशी चार माणसं बाईंचं कौतुक करत असताना ती सगळ्यांच्या देखत म्हणाली, "अक्कानं केलं ते लोकांनी बघावं म्हनून केलं." तेवढंच. त्यानंतर दोघींमध्ये शब्द नाही.

"खोटं बोलल्या त्या," मी लगेच म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि आणखी एक भाकरी वाढली.

वडील गेल्यावर तीन वर्षांनी भूकंप झाला. बहिणीचं गाव त्यातलंच. बाई तोवर निवृत्त होऊन लातुरात आल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी त्या मिळेल त्या जीपने तिकडे गेल्या आणि तीन आठवडे तंबूत मलमपट्ट्या करत राहिल्या. हे मला त्यांच्याकडून कधीच कळलं नाही, गावातल्या लोकांकडून कळलं. बाजारात अनोळखी माणसं त्यांच्या पाया पडायची. कुणी तो विषय काढला की बाई उठून झारी भरायला जायच्या. मी ते नम्रतेत जमा केलं होतं. गर्वाच्या वाफ्याची पट्टी आता काढायला हरकत नाही, असंही एकदा त्यांना सुचवलं होतं.

तंबूंबद्दल त्या उघडपणे एकदाच बोलल्या. बाहेरून आलेल्या एका पाहुण्या उपदेशकाने चर्चमध्ये सांगितलं, की भूकंप ही पापाची शिक्षा होती. बाई बाकावरून उठल्या. "साहेब, मी तिथं पाच पाच म्हयन्याची लेकरं बघितली. त्यांच्या वाफ्यात काय उगवलं हुतं ते सांगा." आणि बाहेर निघून गेल्या. पाळकसाहेबांनी घाईघाईने पुढचं गीत सुरू केलं.

मी राहायला आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी जूनमध्ये माझ्या बॅचला एक मुलगी आली. हुशार, पण बोलायला अडखळणारी. तिची आई खोली शोधत होती. मी सहज म्हटलं, आमच्या बाईंकडे एक खोली रिकामी आहे, मेट्रनबाईंकडे. मुलीने वही मिटली. मग म्हणाली, "सर, ती माझी मावशी हाय. पण आमी तिकडं जात न्हाव."

तिने सगळं सांगितलं. भूकंपात तिच्या आईचं डावं कोपर मोडलं होतं. आई तंबूपुढे रांगेत उभी होती आणि समोर मावशीच पट्ट्या करत होती. आईचा नंबर आला तेव्हा मावशी म्हणाली, त्या टेबलावर जा. त्या टेबलावर बिचारा कुणीतरी नवखा होता. त्याने हात जसा होता तसा बांधला आणि तो तसाच वाकडा बसला. "मावशीनं वळखलंच न्हाई, सर. आईचं तोंड सगळं मातीनं भरलेलं हुतं ना. आई म्हनती, एवढ्या माणसात अक्का तरी किती जणाला वळखंल?"

मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांचं भांडण आणि मध्ये आता नुसता गैरसमज, तोही सोयीचा. मी मनातल्या मनात दोघींना एकमेकींच्या गळ्यात घालूनही टाकलं. त्याच संध्याकाळी बाई मेथी निंदत होत्या, तिथे जाऊन उकिडवा बसलो आणि म्हणालो, "बाई, तुमच्या बहिणीची मुलगी माझ्या क्लासला आहे. त्यांना खोली पाहिजे. आणि काळजी करू नका, त्यांच्या मनात काही नाही. तंबूत तुम्ही त्यांना ओळखलं नाही, असं त्या धरून आहेत. तसंच राहू द्या की. सगळ्यांचंच भागतंय."

बाईंचा हात थांबला नाही, पण तण सोडून त्या मेथीच उपटायला लागल्या. तीन-चार मुठी उपटल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

"कोण म्हणलं, मी वळखलं न्हाई?"

"तुमची बहीण. स्वतः."

त्यांनी उपटलेली मेथी ओट्यात घेतली. मग म्हणाल्या, "मास्तर, तुमचा दोष सापडला. गोड बोलून समद्यांची येळ मारून न्यायची सवय हाय तुमाला. उद्या नवी पट्टी लावा." आणि उठताना म्हणाल्या, "येऊ द्या तिला."

मला राग आला. इतकं चांगलं काम केलं आणि वर बोलणी. दुसऱ्या दिवशी मी पट्टी लावली नाही, विसरलो म्हणून सांगितलं.

बहीण रविवारी दुपारी आली. रिक्षातून गाठोडं, पोळपाट, मुलीची पुस्तकं उतरली. बाई ओसरीवर उभ्या. बहीण फाटकातून आत आली, आणि बाईंकडे बघायच्या आधी तिचं लक्ष वाफ्यांकडे गेलं. डावा हात पोटाशी धरून ती एकेक पट्टी वाचत चालली. राग. मत्सर. जीभ. कुरकुर. गर्वापाशी आली आणि खुदकन हसली.

"अक्का, ह्येबी रस्त्याकडं तोंड करूनच लावलीस की गं."

इतके दिवस मी त्या पट्ट्या रोज बघत होतो, चाचा बघत होते, पाळकसाहेब बघत होते. त्या आतल्या बाजूला, घराकडे तोंड करूनही लावता आल्या असत्या, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बाईंनी ओसरीवरून नळाकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "नळाला पाणी सकाळी सहाला येतं. अर्धाच तास."

असा त्या दोघींचा संवाद पुन्हा सुरू झाला, आणि पुढचे दहा-बारा दिवस तो पाण्यापलीकडे गेला नाही. पाणी आलं. पाणी गेलं. बादली भरली का. बहीण मुलीचे डबे करायची, बाई वाफ्यात बसायच्या. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहाटेची बॅच आटपून आलो तेव्हा पाचही पट्ट्या जागेवर नव्हत्या. बाई तण काढत होत्या, पण तोंड बंद होतं. दूधवाला सायकल धरून उभा राहिला, काहीच ऐकू येईना तेव्हा घंटी वाजवून बघितली आणि हिरमुसून गेला. चाचांची वेगळीच पंचाईत. "बाजी, अब गुस्सेवाली कौनसी?"

"समदी माझीच हाय," बाई म्हणाल्या. "कुठलीबी न्या."

मला वाटलं होतं, बहीण आली म्हणजे मिटलं. पण त्या दिवसांत बाई जेवायच्या कमी आणि रात्रीचा त्यांचा दिवा मालवायचा उशिरा. एकदा मी पुन्हा म्हणालो, "बाई, त्यांनी तर कधीच माफ केलंय. आता तुम्ही कशाला त्रास करून घेता?"

"माफ कुणाला केलं तिनं?" त्या म्हणाल्या. "जिनं वळखलं न्हाई, तिला. ती मी न्हवं."

तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं, की तंबूत त्यांनी बहिणीला ओळखलं होतं. खरं सांगतो, मला ते कळायला नको होतं. ज्या बाईंच्या पाया बाजारात लोक पडत होते, त्यांनी सख्ख्या बहिणीचा मोडलेला हात बघून तिला पुढच्या टेबलावर पाठवलं होतं, आणि मला त्यांची कीव यावी की राग यावा, हे ठरेना. आणि तरीही माझा सल्ला तोच होता : बोलू नका. पाच वर्षं झाली. पोरीचं बारावीचं वर्ष. सगळं पुन्हा मोडेल, ती गाठोडं उचलून जाईल. हे मी त्यांना अगदी कळकळीने सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं.

बहिणीला तो डावा हात खांद्यापर्यंत नेता यायचा नाही. त्यामुळे स्वतःची वेणी स्वतः घालता यायची नाही, रोज मुलगी घालून द्यायची. ती आली त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी क्लासची चाचणी सातला ठेवली होती आणि मुलगी घाईत तशीच निघून गेली. देखरेखीला दुसरे सर होते, म्हणून मी पायरीवर पेपर तपासत बसलो होतो. बहीण ओसरीच्या कडेला केस मोकळे सोडून, फणी मांडीवर ठेवून बसली होती. बाई चर्चला जायला निघाल्या. पांढरी साडी, हातात छत्री. फाटकापर्यंत गेल्या, परत आल्या, छत्री कोनाड्यात ठेवली आणि बहिणीच्या मागे पायरीवर बसल्या.

"दे फणी."

बहिणीने दिली. बाई विंचरायला लागल्या. मी लाल पेन तसंच धरून बसलो. उठून आत जावं असं वाटत होतं, पण गेलो नाही.

"लई गळालेत गं," बाई म्हणाल्या.

"वय झालं की, अक्का."

"तवा दाट हुते. तंबूत. मातीनं भरलेले हुते, पर दाट हुते."

बहिणीची पाठ ताठ झाली. "जाऊ दे अक्का ते. तवा तू मला वळखलं न्हाईस, एवढी माणसं—"

"वळखलं हुतं."

चर्चची घंटा वाजायला लागली. बाईंनी केसांचे तीन भाग केले आणि वेणी घालता घालताच, दवाखान्यात पेशंटची माहिती सांगावी तशा आवाजात बोलत राहिल्या. "लांबूनच वळखलं. रांगेत तुझ्या म्होरं सहा जण हुते. एकेकाला पट्टी बांधताना इचार करत हुते, हिला काय म्हणावं. हात मोडलाय ते दिसत हुतं. कसा बसवायचा ते मला येत हुतं. तुझा नंबर आला आन् म्हणलं, त्या टेबलावर जा."

मी बहिणीकडे बघत होतो. आता ती उठेल, आत जाईल, गाठोडं बांधेल, असं मला वाटत होतं. ती उठली नाही.

"ठावं हाय मला," ती म्हणाली.

बाईंचे हात थांबले.

"मला बघून तू कातर ह्या हातातनं त्या हातात घेतलीस. ल्हानपणी माझ्यावर चिडलीस की तसंच करायचीस. दोनदा घेतलीस."

"मंग पोरीला तसं कामून सांगितलंस?"

"तिला मावशी एकच हाय, अक्का."

बाईंनी घातलेली अर्धी वेणी बोटांनी हळूहळू सोडवली, केस पुन्हा पाठीवर मोकळे केले, आणि डोळे खांद्याला पुसून पहिल्यापासून विंचरायला घेतलं.